टोळीचे तेल आणि बाटलीवरची वाक्ये

पोंभुर्णा हा चंद्रपूर जिल्ह्यातला जंगल आणि धानाच्या बांध्यांनी वेढलेला तालुका. मार्च-एप्रिलमध्ये येथे मोहफुले वेचली जातात आणि पावसाळा तोंडावर आला की त्याच झाडांखाली मोहाची फळे गोळा होतात. फळातल्या बीला कोणी टोळ म्हणतात, कोणी टोळी, कोणी टोळंबी. टरफल फोडून आतला गर वाळवायचा, कुटायचा, वाफवायचा आणि घाण्यावर दाबायचा, की तेल निघते. हे तेल दिव्यात जळे, भाजीत पडे आणि थंडीत हातापायांना व तोंडाला लागे. हिवाळ्यात ते तुपासारखे थिजते. बोटावर घेतले की अंगाच्या उबेने वितळते.

अशा तेलाने चकाकणारे तोंड घेऊन मूल शाळेत आले की आपण शिक्षक काय करतो? "जा, साबणाने तोंड धुऊन ये," असे आमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी म्हटले आहे. आपल्या लेखी तेलकट तोंड म्हणजे अस्वच्छता. पण तेच तेल सुबक बाटलीत भरून, वर पानाफुलांचे चित्र छापून, 'नैसर्गिक तेलाने चेहरा स्वच्छ करा, त्वचेला ओलावा द्या' असे लिहून आले, की ते आधुनिक ठरते. यातली कोणती भूमिका शास्त्रीय? आमच्या मते दोन्ही नाहीत. म्हणून अशा बाटल्यांवर हमखास आढळणारी चार वाक्ये आम्ही येथे तपासायला घेतली आहेत. त्याबरोबर आपल्या साबणाच्या धड्याचीही थोडी झडती घ्यावी लागेल.

पहिले वाक्य : 'तेलाने मळ निघतो.' हे ऐकायला विचित्र वाटते, पण चारांपैकी सर्वांत खरे हेच आहे. चेहऱ्यावरचा मळ म्हणजे नुसती धूळ नव्हे. त्वचेतल्या ग्रंथी सीबम नावाचा स्निग्ध पदार्थ सोडतात आणि त्यात धूर, काजळी, धूळ चिकटून बसते. पाण्याला हा स्निग्ध थर भिजवता येत नाही, तेल मात्र त्यात सहज मिसळते. तेल चोळून कोमट, ओल्या कापडाने पुसले की थर सुटतो आणि त्यात अडकलेली काजळीही निघून जाते. येथे मुलांना एक बारकावा सांगायला हवा. काजळी तेलात विरघळत नाही, कारण ती कार्बन आहे. तेल तिला भिजवते आणि वाहून नेते. विरघळणे आणि भिजून वाहून जाणे या वेगळ्या क्रिया आहेत.

ही युक्ती जुनी आहे. ग्रीक आणि रोमन लोक अंगाला तेल चोळून धातूच्या वाकड्या पट्टीने ते मळासकट खरवडून काढत. आपल्याकडे दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तेल आणि उटणे यांची जोडी असते. तेल मळ सैल करते. उटण्याची पूड किंवा बेसन जास्तीचे तेल शोषून घेते आणि घासण्याचेही काम करते. मोहाची तर गंमत अशी, की तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत सॅपोनिन नावाची फेसाळणारी द्रव्ये असतात. ही पेंड केस धुण्यासाठी वापरली जात आली आहे. म्हणजे एकाच बीतून मळ सैल करणारे तेल आणि तेल काढणारी पेंड, दोन्ही मिळतात! मात्र हीच सॅपोनिने माशांना मारतात आणि डोळ्यांत गेली तर झोंबतात. पेंडीचे पाणी तळ्यात सोडू नये, हे त्याच श्वासात शिकवले पाहिजे.

आता साबणाकडे वळू. साबण मळ उत्तम काढतो, यात शंका नाही. जेवणापूर्वी आणि शौचानंतर हात धुण्याला तेल हा पर्याय मुळीच नाही. प्रश्न फक्त चेहऱ्याचा आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा चुना भरलेला असतो. हा चुना शरीरातले पाणी बाहेर उडू देत नाही. साबणाला मळातला स्निग्धांश आणि चुन्यातला स्निग्धांश यांत फरक करता येत नाही. तो दोन्हींतला काही भाग नेतो. शिवाय त्वचेचा सामू साधारण 4.5 ते 5.5, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर साबणाच्या वडीचा 9 ते 10. कोरड्या थंडीत दिवसातून तीनदा साबण लावलेले गाल फुटतात ते यामुळे. मोहाच्या तेलाचा मोठा उपयोग कपड्यांच्या साबणासाठी होत आला आहे, हेही वर्गात सांगण्यासारखे आहे. तेच तेल अल्कलीशी मिळून साबण झाले की त्वचेवरचे तेल काढू लागते.

दुसरे वाक्य : 'तेल त्वचेला ओलावा देते.' हे वाक्य चुकीचे आहे, आणि ही चूक विज्ञान शिकवणाऱ्याने खपवून घेऊ नये. शुद्ध तेलात पाणी जवळजवळ नसतेच. मग ते ओलावा देणार कोठून? तेल फक्त असलेला ओलावा उडून जाण्याचा वेग कमी करते. म्हणून ते कोरड्या कातडीवर लावण्यापेक्षा तोंड धुऊन, टिपून, कातडी दमट असतानाच लावावे. ग्लिसरीनचे काम वेगळे. ते पाणी धरून ठेवते, आणि गंमत म्हणजे साबण तयार होताना तेलातूनच ते सुटे होते. क्रीममध्ये तर पाणी आणि तेल दोन्ही असतात. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याच्या नावावर असलेल्या 'कोल्ड क्रीम'मध्ये मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी होते. त्यातले पाणी उडताना गार वाटते, म्हणून ते 'कोल्ड'.

हे वर्गात दाखवायला एक बटाटा पुरे. त्याच्या सारख्या जाडीच्या तीन चकत्या करा. पहिली तशीच ठेवा. दुसरी कापडाने टिपून तिला दोन्ही बाजूंनी वितळलेले टोळीचे किंवा खोबऱ्याचे तेल लावा. तिसरी आधी दोन दिवस उन्हात वाळवा आणि मग तेल लावा. प्रत्येक चकतीचे वजन तेल लावल्यावर लगेच आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी करा. दुसऱ्या चकतीचे वजन पहिलीपेक्षा कमी घटलेले दिसेल. तिसरी चकती तेलाने चकाकेल, मऊ लागेल, पण टवटवीत होणार नाही. तेल पाणी राखते, देत नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

तिसरे वाक्य : 'नैसर्गिक आहे, रसायनमुक्त आहे, म्हणून निर्धोक आहे.' या वाक्यात तीन विधाने आहेत. तेल नैसर्गिक आहे, हे मान्य. ते रसायनमुक्त आहे, हे अशक्य, कारण तेल हे स्वतःच ट्रायग्लिसराइड नावाच्या रसायनांचे मिश्रण आहे. आणि नैसर्गिक म्हणून निर्धोक, हे तर पोंभुर्ण्याच्या जंगलपट्टीतले शेंबडे पोरही खोडून काढील. त्याला बिबा ठाऊक असतो. बिब्याचे तेल पूर्णपणे नैसर्गिक, जंगलातलेच. पण ते कातडीला लागले की फोड येतात, बिबा उततो. पिवळ्या धोतऱ्याचे तेलही नैसर्गिकच. 1998 मध्ये मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाल्याने दिल्लीत जलोदरासारख्या सूज येणाऱ्या आजाराची साथ पसरली आणि माणसे दगावली.

साधी तेलेही एकसारखी नसतात. विदर्भातले जवसाचे तेल पाहा. त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असते. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याची चिकट आणि पुढे कडक साय बनते, म्हणूनच ते रंगात वापरतात. काचेच्या एका पट्टीवर जवसाचे आणि दुसरीवर तिळाचे तेल पातळ पसरून आठ-पंधरा दिवस ठेवा. फरक बोटाला कळेल. जेवणात गुणकारी असलेले तेल तोंडावर रात्रभर ठेवायलाही योग्य असेल, असे मुळीच नाही. मोहरीच्या तेलाने उंदरांच्या त्वचेचा संरक्षक थर कमजोर झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. 2013 मध्ये इंग्लंडमध्ये प्रौढांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने हा थर बिघडला, सूर्यफुलाच्या तेलाने मात्र तो शाबूत राहिला. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल फार आणि सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल जास्त, हे त्याचे एक संभाव्य कारण.

मग टोळीचे तेल कोणत्या बाजूला? त्यात ओलेइक आम्ल साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. ऑलिव्हपेक्षा ते कमी आहे, पण थोडके नाही. पामिटिक आणि स्टिअरिक ही घट्ट मेदाम्ले मिळून तितकीच असतात, म्हणून ते थिजते आणि कातडीवर चांगला पडदा धरते. फुटलेल्या टाचांना, हातांना, थंडीतल्या कोरड्या गालांना ते उपयोगी पडावे, हे त्याच्या घडणीशी सुसंगत आहे. पण 'सर्वांत उत्तम' म्हणायला तुलना लागते, आणि अशी तुलना केल्याशिवाय ते म्हणू नये. 'आमच्या जंगलातले' एवढ्यावर त्याला सूट मिळता कामा नये. दमट जागी साठवलेल्या टोळीचे तेल खवट होते, त्यातली मोकळी मेदाम्ले वाढतात आणि ती कातडीला झोंबू शकतात. घरचे तेलही ताजे, गाळलेले असावे आणि प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे.

चौथे वाक्य : 'मुरुमे, डाग, चट्टे, सर्वांवर गुणकारी.' येथे मात्र खरा धोका आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींना मुरुमे येतात ती वयात येताना वाढलेल्या सीबममुळे आणि ग्रंथींची तोंडे बुजल्यामुळे. तेथे जड तेल चोळल्याने मुरुमे वाढू शकतात. अमुक तेल छिद्रे बुजवते आणि तमुक बुजवत नाही, असे जे तक्ते छापले जातात, त्यांतले बरेच सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांवर आधारलेले आहेत. सशाचा कान म्हणजे दहावीतल्या मुलाचा गाल नव्हे.

चट्ट्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. लहान मुलांच्या गालांवर पांढरट, किंचित खवलेदार चट्टे नेहमी दिसतात. 'पोटात जंत आहेत' किंवा 'कॅल्शियम कमी आहे' असे त्यावर सर्रास सांगितले जाते. बहुतेक वेळा तो कोरड्या त्वचेचा एक निरुपद्रवी प्रकार असतो. कोणतेही सौम्य तेल किंवा व्हॅसलीन लावल्याने तो कमी दिसतो आणि काही महिन्यांत जातो. पण चंद्रपूर आणि गडचिरोली हे कुष्ठरोग आढळणारे जिल्हे आहेत. बाबा आमटे यांचे आनंदवन याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ उभे राहिले. कुष्ठरोगाचा चट्टाही फिकट किंवा लालसर असतो, आणि कोरडाही असतो, कारण तेथील मज्जातंतू बिघडल्याने घाम येत नाही. तेल लावले की तोही चकाकतो आणि घरच्यांचे समाधान होते. चट्ट्यावर बधिरपणा असेल तर शंका घ्यायलाच हवी. चेहऱ्यावर मात्र बधिरपणा सहज कळत नाही, म्हणून न जाणारा चट्टा दिसला की मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, तेही वर्गात त्याचा बभ्रा न करता. बहुविध औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो आणि औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात. उशीर झाला तर बोटांची आणि डोळ्यांची हानी मात्र भरून येत नाही. एका गुळगुळीत वाक्याची एवढी किंमत पडू शकते.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. तेलाने चेहऱ्यावरचा मळ निघतो, हे खरे. तेल ओलावा राखते, हेही खरे. ते ओलावा देते, रोग बरे करते, नैसर्गिक म्हणून सर्वांना चालते, ही विधाने खोटी किंवा पुराव्याशिवाय केलेली आहेत. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारे, सुंदर दिसायला मदत करणारे द्रव्य; रोग बरा करण्याचा दावा आला की ते औषधाच्या व्याख्येत जाते. मुलांनी घरातली एखादी बाटली आणून तिच्यावरची वाक्ये 'खरे', 'अर्धे खरे' आणि 'पुरावा मागावा' अशा तीन रकान्यांत मांडली, तर तो विज्ञानाचा उत्तम तास होईल. भाषेचाही होईल.

आणि एक प्रश्न रसायनशास्त्राबाहेरचा. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क ते गोळा करणाऱ्यांना दिला. 2013-14 पासूनच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत मोहाची बीही आहे. तरीही टोळ गावातून बी म्हणूनच जाते, आणि हिवाळ्यात त्याच गावात क्रीमची डबी विकत येते. टोळ दाबून तेल काढण्याचे आणि खवट तेल वासावरून ओळखण्याचे ज्ञान आजीबरोबर संपत चालले आहे. तेलकट तोंडाच्या मुलाला वर्गाबाहेर धुवायला पाठवताना आपणही त्या ज्ञानाला अडाणी ठरवत असतो. पुढच्या हिवाळ्यात त्या मुलाला निदान एवढे तरी विचारावे : "कोणते तेल लावलेस? कोणी काढले? वाटीभर वर्गात आणशील?" त्याच्या तोंडावरचे तेल जास्त झाले असेल, तर ते ओल्या फडक्याने टिपता येते.