न पाहिलेला वाघ

जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर कुशिमोतो गावी मुर्योजी नावाचा एक झेन मठ आहे. तेथील सरकत्या कागदी दारांवर नागासावा रोसेत्सू या चित्रकाराने १७८६ साली काढलेला वाघ रसिकांनी, छापील प्रतीतून का होईना, एकदा पाहावाच. काजळीची शाई, कुंचला आणि कागद, एवढेच साहित्य. वाघ दार ओलांडून अंगावर येणार, असा झेपावलेला. शेपटीचा झोक एका दमात ओढलेला. सभोवतालचा बराचसा कागद कोराच आहे. आपल्या दिनदर्शिकांवरील वाघामागे झाडी, धबधबा, मावळता सूर्य असे सारे रान कोंबलेले असते. येथे त्या कोरेपणामुळेच झेपेला वाव मिळाला आहे.

आणि तरीही हा वाघ वाघासारखा नाही. डोळे वाटोळे, पंजे मऊ, चेहरा थेट मांजराचा! जपानात वाघ नव्हते. तेथील चित्रकार बाहेरून आलेली कातडी, परदेशी चित्रे आणि घरची मांजरे यांवरून वाघ रेखाटीत. याच दारांच्या पाठीमागे रोसेत्सूने माशांवर टपलेले मांजर काढले आहे. मला त्यात चित्रकाराची मिस्कील कबुली दिसते.

जपानी कुंचल्याचा हा संस्कार आपल्या देशातही आला. १९०३ साली योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो कलकत्त्यास आले. त्यांचे काम पाहून अवनींद्रनाथ टागोरांनी पाणी देऊन रंग विरळ करण्याची आपली पद्धत घडविली, आणि पुढे ओझ्याखाली कोसळलेला उंट रंगविला. त्यात रोसेत्सूची झेप नाही; पण उंटाचे दुःख खरे वाटते, कारण उंट त्यांच्या देशातला होता.

कुर्डुवाडीत बसून हे लिहिताना माळढोक आठवतो. वाळके गवत, मोकळे आभाळ आणि मध्ये ताठ मानेचा मीटरभर उंच पक्षी: आमचा माळ म्हणजे शाईच्या चित्रासाठी निसर्गानेच कोरा ठेवलेला कागद. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश या पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून राखला गेला; २०१२ साली तो सुमारे १,२२२ वर आला. नान्नजला अलीकडे माळढोक क्वचित, एकटादुकटाच दिसतो. उद्या आमच्या गावातील एखाद्या मुलाने कुंचला हाती घेतला, तर त्याला छायाचित्रांवर आणि आजोबांच्या आठवणींवरच भागवावे लागेल. आणि त्याचा माळढोक बहुधा थोडासा कोंबडीसारखा दिसेल.