स्मरणाचे ऋण आणि मागची रांग

वृत्तपत्रात चित्रपटांविषयी लिहिणाऱ्याला आपल्या वाङ्मयविचारात सहसा पाट मांडला जात नाही. सकाळी छापलेला मजकूर संध्याकाळी वाण्याच्या पुडीला लागतो, त्याची समीक्षा ती काय करावयाची, असा आपला समज. शिरीष कणेकर यांच्या लेखनाने हा समज पुष्कळसा खोटा ठरविला. ६ जून १९४३ रोजी जन्मलेल्या आणि २५ जुलै २०२३ रोजी मुंबईत निवर्तलेल्या या पत्रकाराच्या कारकिर्दीकडे थोडे साक्षेपाने पाहावे, असे आम्हांस वाटते.

कणेकरांची उमेदवारी इंग्रजी पत्रकारितेत झाली. ‘इंडियन एक्सप्रेस’, ‘फ्री प्रेस जर्नल’ अशा पत्रांत त्यांनी काम केले. परंतु वाचकांच्या मनात ते रुजले मराठी स्तंभलेखनामुळे. चित्रपट, चित्रपटसंगीत आणि क्रिकेट हे त्यांचे तीन विषय. ‘गाये चला जा’, ‘यादोंकी बारात’ ही पुस्तके घरोघर वाचली गेली. पुढे ‘माझी फिल्लमबाजी’ या एकपात्री कार्यक्रमातून त्यांनी तोच मजकूर रंगमंचावर नेला. केवळ बोलण्याच्या बळावर सभागृह ताब्यात ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे.

या लेखनाचे मोल समजण्यासाठी काळ ध्यानी घ्यावयास हवा. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. त्याच वर्षी तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ काढणे सरकारला भाग पडले. विद्वानांनी हलके ठरविलेले हे गाणे अंधेरी-घाटकोपरच्या चाळींत आणि उपनगरी गाडीच्या डब्यात सामान्य माणसाला सोबत करीत होते. ज्या गाण्याने आपल्याला जगविले त्याचे ऋण मान्य करावयास लाजू नये, हे कणेकरांनी मराठी वाचकाला शिकविले. लता मंगेशकर, तलत महमूद, महंमद रफी यांच्याविषयी ते लिहीत तेव्हा त्यांचा विनोद क्षणभर बाजूला होई आणि वाक्यांना कृतज्ञतेचा ओलावा येई. आमच्या मते तेच त्यांचे खरे लेखन.

तथापि समीक्षकाने केवळ आरती ओवाळू नये. कणेकरांचा दोष त्यांच्या गुणाच्याच पोटात होता. कोटीचा मोह त्यांना आवरत नसे. वाक्य चमकावे म्हणून कधी कधी माणूस ओरखडला जाई. तसेच जुन्यावरील प्रेमाचे त्यांनी पुढे कुंपण केले. आपल्या तारुण्यात ऐकलेले तेच संगीत आणि नंतरचा तो गोंगाट, ही भूमिका स्मरणरंजनाला शोभते, परीक्षणाला नव्हे. परीक्षकाने प्रत्येक पिढीच्या गाण्याला निदान एकदा तरी निःपक्षपातीपणे ऐकले पाहिजे.

याहून महत्त्वाची एक मर्यादा आहे. ती एकट्या कणेकरांची नव्हे, त्यांच्या साऱ्या परंपरेची आहे. या स्मरणाचा प्रकाशझोत प्रामुख्याने ध्वनिक्षेपकासमोर उभ्या असलेल्या गायकावर आणि शेजारच्या संगीतकारावर राहिला. त्यांच्या मागे व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन बसलेल्या रांगेचे काय? त्या रांगेत आपली कितीतरी माणसे होती. गोव्यातील चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून ती मुंबईस आली. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा, ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील काही नावे. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यामुळे गोन्साल्विस हे नाव देशभर दुमदुमले. परंतु ते गुरूला वाहिलेले अभिवादन आहे, हे किती श्रोत्यांना ठाऊक होते? पडद्यावर तो एक गमतीदार ख्रिस्ती तरुण होता. खरा गोन्साल्विस २०१२ साली गोव्यात वारला.

या मागच्या रांगेचा पद्धतशीर शोध पुढे घेतला गेला तो इंग्रजीत : ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) आणि पत्रकार नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२). मराठीत मात्र ही जागा अजून बरीचशी रिकामीच आहे. कणेकरांनी मराठीत स्मरणाची भाषा घडविली : सैल, बोलकी, प्रेमळ आणि कोणाही वाचकाला दार उघडणारी. त्या भाषेत या वादकांविषयी लिहिले जावयास हवे. आज अंधेरी-बोरिवलीतील अनेक घरांच्या माळ्यावर स्वरलिपीच्या वह्या वाळवी खात पडल्या असतील, भिंतीवर वाद्यवृंदाची पिवळट छायाचित्रे असतील. घरातील वृद्धांना प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारावे आणि छायाचित्राच्या पाठीवर ते तारखेसह लिहून ठेवावे. उद्याचा एखादा कणेकर लिहावयास बसेल, तेव्हा त्याच्या हाती निदान ती नावे तरी असावीत.