तड्याचा आवाज आणि त्याचे वाचन

माठ विकत घेताना आपण तो बोटांनी वाजवून पाहतो. आवाज आपण करतो, माठ उत्तर देतो. ‘अकूस्टिक एमिशन’ या तपासणीत मात्र काही वाजवायचे नसते, नुसते कान लावून बसायचे असते. भाराखालच्या पदार्थात बारीक तडा गेला की साठलेल्या ऊर्जेचा थोडा भाग लहरीच्या रूपाने सुटतो आणि पृष्ठभागावर चिकटवलेले सेन्सर तो टिपतात. ही कंपने बहुतेक आपल्या कानांपलीकडची, साधारण २० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातली. या विद्येच्या कानांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या वाचनाविषयी.

म्युनिकमध्ये योसेफ कायझर यांनी १९५० च्या प्रबंधात धातूंचा एक गुण नोंदवला. एकदा भार देऊन काढला आणि पुन्हा चढवला, तर आधीचा कमाल भार ओलांडेपर्यंत नमुना गप्प राहतो. कॉम्पोझिट, म्हणजे राळेत बसवलेले काचेचे किंवा कार्बनचे तंतू, हा नियम पाळतीलच असे नाही. इजा झालेले कॉम्पोझिट जुना भार गाठण्याआधीच कुरकुरू लागते. कुरकुर ज्या भाराला सुरू झाली त्याला आधीच्या कमाल भाराने भागले की ‘फेलिसिटी गुणोत्तर’ मिळते. ते एकाच्या जितके खाली, तितकी इजा जास्त. (फेलिसिटी म्हणजे सुख. इतके विसंगत नाव या शास्त्रात दुसरे नसेल!)

इथवर सारे ठीक. पुढे शोधनिबंधांत एक ठरलेला तक्ता भेटतो: खालची वारंवारता म्हणजे राळ तडकली, मधली म्हणजे तंतू राळेपासून सुटला, वरची म्हणजे तंतू तुटला. हा तक्ता मला फार सोयीचा वाटतो. पातळ पत्र्यात लहर मुख्यतः दोन रूपांनी धावते, एक पत्र्याला ताणत आणि दुसरी वाकवत. मायकेल गॉर्मन यांनी १९९१ मध्ये याकडे ठळकपणे लक्ष वेधले. त्यांपैकी कोणते रूप बळावेल हे मूळ हालचालीच्या दिशेवरही ठरते. शिवाय वरच्या वारंवारता वाटेतच लवकर विरतात. त्यामुळे लांब कुठेतरी तुटलेला तंतू सेन्सरपाशी पोचेपर्यंत तडकलेल्या राळेच्या सुरात बोलू लागतो. आपण तडा वाचतो आहोत असे समजतो, पण पुष्कळदा वाचत असतो ते अंतर, जाडी आणि सेन्सरचा स्वतःचा स्वभाव. कवितेच्या समीक्षेत हा दोष आपण लगेच पकडला असता.

चुकीच्या वाचनाची किंमत १८ जून २०२३ रोजी दिसली. टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली ‘टायटन’ पाणबुडी उत्तर अटलांटिकमध्ये दाबाखाली चिरडली गेली आणि आतले पाचही जण गेले. तिचा दंडगोल कार्बन तंतूंचा होता आणि त्यावर कान ठेवणारी यंत्रणा ही ‘ओशनगेट’ कंपनीची सुरक्षेची हमी होती. कंपनीच्या सागरी कामकाजाचे प्रमुख डेव्हिड लॉक्रिज यांनी २०१८ मध्येच आक्षेप घेतला होता की, अशी यंत्रणा इशारा देईल तो फुटण्याच्या काही मिलिसेकंद आधी.

आक्षेप रास्त होता, पण घडले ते अधिक बोचरे आहे. १५ जुलै २०२२ ला, ८० व्या बुडीतून वर येताना मोठा धडाका ऐकू आला. दंडगोलावरच्या ताणमापकांच्या नोंदीही त्यानंतर बदलल्या. म्हणजे इशारा मिलिसेकंद नव्हे, अकरा महिने आधी आला होता! सांगाड्यात दंडगोल जरासा सरकला असेल, असा अर्थ लावला गेला आणि बुड्या चालू राहिल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढे त्या धडाक्याचा संबंध थर सुटण्याशी जोडला आणि कंपनीने केलेले नोंदींचे विश्लेषणच सदोष ठरवले.

याच विद्येने काचतंतूंच्या रासायनिक टाक्या कित्येक वर्षे तपासल्या जात आहेत. तिथे कोणता तंतू बोलला हे कुणी विचारत नाही. टाकी टप्प्याटप्प्याने भरायची, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबायचे आणि थांबल्यावरही कुरकुर चालूच राहिली तर टाकी संशयित. हा निकष टाकीत द्रव सोडण्याआधी कागदावर लिहिलेला असतो, आणि आवाज ऐकल्यानंतर तो बदलायची मुभा टाकीच्या मालकाला नसते.