अठरा फ्रेमच्या साठ होतात तेव्हा

'लेड झेपलिन'च्या १९७३ सालच्या मैफिलीचा, कुणा चाहत्याने जुन्या फिल्मवरून जुळवलेला व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. चित्र स्वच्छ, रंग झळझळीत, ड्रमवर काठी पडते त्याच क्षणी आवाज येतो. पाहताना वाटतं, आपण तिथेच उभे आहोत. रसिक म्हणून ठीक आहे. पण याच व्हिडिओवरून 'वादकाची देहबोली' वगैरे विषयावर प्रकरण लिहायचं मनात असेल, तर जरा थांबा. हे चित्र आणि हा आवाज एकाच क्षणाचे आहेत, असं नेमकं कोण म्हणतंय?

त्या काळी प्रेक्षकांतले काही जण सुपर ८ कॅमेरा घेऊन जात. एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म. सेकंदाला १८ फ्रेमने चालवली तर जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद. आवाजासकट चित्रण करणारी सुपर ८ फिल्म १९७३ मध्ये नुकती बाजारात येत होती, त्यामुळे बहुतेक रिळं मुकीच. आवाज दुसऱ्याच कुणाच्या टेपवरचा. म्हणजे दोन अनोळखी माणसांच्या नोंदी तिसऱ्याने कित्येक वर्षांनी एकत्र शिवल्या आहेत. त्यात कॅमेऱ्याची मोटर काटेकोर १८ वर चालत नाही आणि टेपचा वेगही सरकतो. ताणल्या-दाबल्याशिवाय जुळणी होतच नाही. ही शिवण म्हणजे एक दावा आहे, तुमच्या प्रबंधातल्या विधानासारखाच, आणि तो तपासता येतो.

कसा? वाद्यं बघा. जिमी पेज मैफिलीत 'स्टेअरवे टू हेवन' दोन दांड्यांच्या गिब्सन गिटारवर वाजवायचा. गाणं हे चालू आहे आणि हातात साधी लेस पॉल दिसली, की समजा तुकडा दुसरीकडून उचललाय. जॉन बोनमचा १९७३ च्या दौऱ्यातला ड्रमसेट पारदर्शक, मधाच्या रंगाचा. १९७७ मध्ये तो स्टीलचा होता. एवढ्यावरही चुकीच्या वर्षाचं चित्र पकडता येतं. सगळ्यात भरवशाची खूण मात्र डाव्या हाताची: सूर चढत जातो तेव्हा बोटं गिटारच्या पोटाकडे सरकतायत का? आधी आवाज बंद करून बघा, मग चित्र झाकून ऐका.

खरी अडचण पुढे आहे. ओरखडे काढणं, उडालेला रंग परत आणणं, हलणारी चौकट स्थिर करणं याला माझी हरकत नाही. पण हल्ली अठरा फ्रेमच्या साठ करतात. म्हणजे दर सेकंदातल्या किमान ४२ फ्रेम कॅमेऱ्याने कधी पाहिलेल्याच नाहीत, त्या सॉफ्टवेअरने कल्पून काढल्या आहेत. बोनमचं मनगट किती वाकतं हे तुम्ही त्यावर मोजणार? चेहरे 'सुधारणारं' सॉफ्टवेअर तर धूसर ठिपक्यात डोळे, ओठ काढून देतं. याला जीर्णोद्धार म्हणायचं असेल तर म्हणा. मी तरी त्याला नवं चित्र म्हणेन.

यावर कुणी म्हणेल, मग अधिकृत चित्रपट वापरू. 'द साँग रिमेन्स द सेम' १९७६ साली आला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २७ ते २९ जुलै १९७३ अशा तीन रात्रींचं ते चित्रण. संपादनाला बसल्यावर लक्षात आलं की गाण्यांचे काही भाग टिपलेच गेले नाहीत. म्हणून १९७४ मध्ये इंग्लंडच्या शेपर्टन स्टुडिओत तसाच रंगमंच उभारून, मूळ आवाजावर बँडने वाजवण्याचा अभिनय केला. जॉन पॉल जोन्सने मधल्या काळात केस कापले होते, त्याला टोप घालावा लागला. आधीच हा गृहस्थ तिन्ही रात्री वेगवेगळे कपडे घालून आलेला! (संशोधकाने त्याचे आभारच मानावेत. तुकडा कुठल्या रात्रीचा, याचा धागा त्यामुळेच हाती लागतो.) तेव्हा अधिकृत शिक्का म्हणजे पुरावा नव्हे.

माझ्या मते या प्रकारातला उत्तम व्हिडिओ तो, जिथे फिल्म संपली की पडदा काळा होतो आणि गाणं पुढे चालू राहतं. बरेच संपादक तिथे घाबरतात आणि दुसऱ्या गाण्यातला, नाहीतर दुसऱ्या शहरातला तुकडा लावून मोकळे होतात. पण त्या काळ्या पडद्यावर मला ती मैफल जास्त खरी वाटते: कुणाचं तरी रीळ संपलंय, समोर पेज वाजवतोच आहे. पाहायलाही तो व्हिडिओ सरस असतो, कारण चित्र परत आलं की आपण सावरून बसतो.

चाहते हे काम फुकट आणि प्रेमाने करतात, त्यांच्याकडून तळटीपांची अपेक्षा धरू नका. ते काम तुमचं. फिल्म कुठल्या रात्रीची, टेप कुठल्या रात्रीची, रिकाम्या जागा कशाने भरल्या, हे संपादकाला विचारा आणि वेग न बदललेली मूळ स्कॅन मिळते का ते बघा. संदर्भ देताना चित्राची तारीख आणि आवाजाची तारीख वेगवेगळी लिहा, दोन्ही एकच असल्या तरी.