वीस लिटर शुद्ध पाण्याचा हिशेब

गावात पाणी शुद्ध करण्याचे छोटे यंत्र बसवायचे, ते गावातल्याच माणसाला धंदा म्हणून चालवायला द्यायचे आणि बाटलीबंद पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त दराने पाणी विकायचे. अशा ‘सामाजिक उद्योगां’चे गेल्या काही वर्षांत बरेच कौतुक झाले आहे. त्यांच्या यशाचे मोजमाप मात्र बहुधा एकाच आकड्याने होते, तो म्हणजे किती लिटर पाणी विकले गेले. आरोग्याच्या दृष्टीने हे माप पुरेसे आहे का, हे आपण तपासून पाहू.

उदाहरण म्हणून ‘सर्वजल’ घेऊ. पिरामल प्रतिष्ठानाच्या मदतीने हा उपक्रम २००८ साली राजस्थानात सुरू झाला. तेथील अनेक भागांत भूजल खारे आहे आणि त्यात फ्लोराइडही जास्त आहे. म्हणून व्यस्त परासरण (बाजारातले ‘आरओ’) वापरणारी यंत्रे बसवली गेली. तांत्रिक देखभाल संस्थेकडे, तर जागा, विक्री आणि गिऱ्हाईक सांभाळणे स्थानिक फ्रँचायझीकडे. उत्पन्नात दोघांचा वाटा. यंत्राची स्थिती मोबाइलच्या जाळ्यातून मुख्य कार्यालयाला कळत राहते. सुरुवातीच्या वर्षांत दर होता लिटरला सुमारे ३० पैसे.

या रचनेत एक मोठा गुण आहे. दान मिळालेले यंत्र बिघडले की ते कोणी दुरुस्त करायचे, हा प्रश्न येतो आणि अनेकदा यंत्र गंजत पडते. येथे यंत्र बंद पडले की त्याच दिवशी चालकाची कमाई थांबते. त्यामुळे दुरुस्तीची निकड कोणाला तरी खरोखर भासते. हे श्रेय द्यायलाच हवे.

आता हिशेबाकडे वळू. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने फ्लोराइड किंवा आर्सेनिक असलेल्या वस्त्यांसाठी, नळाचे शुद्ध पाणी पोहोचेपर्यंत, सामुदायिक शुद्धीकरण यंत्रांची तात्पुरती सोय सुचवली आहे. तिथे माणशी रोज ८ ते १० लिटर पाणी पिण्यासाठी *आणि स्वयंपाकासाठी* धरले आहे. पाच माणसांच्या घराला म्हणजे ४० ते ५० लिटर लागेल. पण घरी येतो तो २० लिटरचा एक जार. त्यात माणशी चार लिटर मिळतात. पिण्याचे भागते, स्वयंपाकाचे भागत नाही. डाळ शिजते ती विहिरीच्या किंवा हातपंपाच्याच पाण्यात. याने काय बिघडते? ते पाण्यात काय आहे यावर अवलंबून आहे.

समजा, पाण्यात रोगजंतू आहेत. डाळ उकळताना ते मरतात, म्हणून स्वयंपाकाची चिंता नाही. चिंता आहे ती विसरलेल्या पेल्याची. यंत्राने दहा हजारांतला एकच जंतू शिल्लक ठेवला असे धरा. पण दिवसाच्या दहा पेल्यांपैकी एक पेला मुलाने शेतावर किंवा शाळेत कच्च्या पाण्याचा प्यायला, तर पोटात जाणारे जंतू दहा हजारपट नव्हे, केवळ दहापटच कमी झाले! जारमध्ये हात बुडवून पेला भरला तरी असाच घोटाळा होतो.

आता समजा, पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. भारतीय मानकाची मर्यादा १ मिलिग्रॅम. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर १.५. येथे एखादा विसरलेला पेला फारसा नडत नाही, कारण दिवसाची सरासरी तरीही मर्यादेत राहते. नडते ते भांडे. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड भात-डाळीत उरते. एका माणसाच्या दिवसाच्या जेवणात असे एक लिटर पाणी मुरले, तर जेवणातूनच ४ मिलिग्रॅम पोटात गेले. १.५ मर्यादेचे दोन लिटर पाणी प्यायल्याने फक्त ३ मिलिग्रॅम गेले असते! दात व हाडे बिघडवणारा फ्लोरोसिस जारमुळे मंदावेल, पण थांबेलच असे नाही.

म्हणजे जार तोच, पण गळती वेगवेगळ्या जागी. यंत्रांचेही तसेच. मुंबईत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात, पटकीच्या नव्या साथीनंतर, अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत अतिनील किरणांचे स्वस्त यंत्र घडवले. त्यावर उभ्या राहिलेल्या वॉटरहेल्थ इंटरनॅशनलने आंध्र प्रदेशात गावोगाव केंद्रे काढली. अतिनील किरण जंतूंना मारतात. फ्लोराइडला मात्र हातही लावत नाहीत. उलट, विक्रेता खिशातून काढतो तो ‘टीडीएस’ मीटर फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. त्याला ना जंतू दिसतात, ना फ्लोराइड वेगळे ओळखता येते.

आणखी एक गोष्ट. आरओ यंत्रात निम्मे पाणी गाळून निघाले, तर उरलेल्या निम्म्यात फ्लोराइड जवळजवळ दुप्पट होते. ते पाणी कुठे सोडले जाते, हे विचारलेच पाहिजे.

खरी अडचण धंद्याच्या रचनेतच आहे. ३० पैसे दराने पहिला जार ६ रुपयांना पडतो आणि तो सहज खपतो. पन्नास लिटर घ्यायचे तर रोज १५ रुपये, महिन्याला ४५० रुपये. मजुरीवर जगणारे घर पहिल्या जारवरच थांबणार. विक्रीचा आकडा तेवढ्यावरही फुगतो, पण फ्लोराइडच्या गावात आरोग्याला पुढचे दीड जारच हवे असतात. तेव्हा किती लिटर विकले याऐवजी किती घरे रोज पाणी नेतात, त्यात स्वयंपाक होतो का आणि शाळेतली मुले काय पितात, हे आकडे अशा उद्योगांनी द्यायला हवेत. आणि तो दीड जार गरिबाला परवडत नसेल, तर त्याचा खर्च ग्रामपंचायतीने किंवा शासनाने उचलायला हवा. तो बाजार उचलणार नाही.

शाळेत हा हिशेब सहज करता येईल. विद्यार्थ्यांना एका दिवसाची नोंद ठेवायला सांगा : कुठल्या पेल्यातले आणि कुठल्या भांड्यातले पाणी कुठून आले? मग गावच्या पाणी-तपासणीच्या अहवालात जंतू आढळले की फ्लोराइड, ते पाहा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की आपल्या गावातली गळती कुठे आहे, ते मुलेच सांगतील.