फॉर्स्टर यांची 'मॉरिस' : एका गोड शेवटाची किंमत

प्रेमकथेचा शेवट गोड करणे ही कादंबरीकाराला सर्वांत स्वस्त पडणारी गोष्ट होय, असा चोखंदळ वाचकांचा समज असतो. आणि पुष्कळ अंशी तो खराही आहे. नायक-नायिकेच्या वाटेतील विघ्ने शेवटच्या दोन प्रकरणांत दूर करून त्यांचे लग्न लावून देणाऱ्या लेखकाविषयी टीकाकारांस फारसा आदर वाटत नाही. परंतु हाच गोड शेवट एखाद्या लेखकास इतका महाग पडावा की, त्यापायी आपली कादंबरी त्याला जन्मभर प्रसिद्ध करता येऊ नये, असेही एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयात आहे. ई. एम. फॉर्स्टर यांची 'मॉरिस' ही ती कादंबरी. ती १९१३-१४ साली लिहिली गेली आणि १९७१ साली, लेखकाच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. दोन पुरुषांचे परस्परांवरील प्रेम हा तिचा विषय.

फॉर्स्टर यांची प्रतिभा कशी चालत असे, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १९०२ साली इटलीतील राव्हेलो गावाजवळ फिरावयास गेले असता एका दरीत ते बसले, आणि एका कथेचा आरंभ, जणू तेथे त्यांचीच वाट पाहत असल्याप्रमाणे, आयता मनात आला. ग्रीस देशात ऑलिंपियाजवळ एका पोकळ झाडापाशी दुसरी कथा अशीच हाती लागली. पुढे इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर तिसऱ्यांदा हाच अनुभव आला. पण ती कथा मात्र साधली नाही. सारांश, बाहेरचा कसला तरी स्पर्श व्हावा आणि आतले साचलेले वाहू लागावे, अशी ही प्रकृती होती. अशा स्पर्शावर विसंबणाऱ्या लेखकाला दीर्घकाळ मुकेही राहावे लागते.

'मॉरिस'च्या बाबतीत हा स्पर्श अक्षरशः घडला. १९१३ साली फॉर्स्टर डर्बीशायरमधील मिलथॉर्प येथे एडवर्ड कार्पेंटर या विचारवंताच्या भेटीस गेले होते. कार्पेंटर हे सुशिक्षित वर्गातले. त्यांचा सहचर जॉर्ज मेरिल शेफील्डच्या गरीब वस्तीतून आलेला. मेरिलने सहज त्यांच्या कमरेपाशी हात लावला, आणि त्याच क्षणी आपल्याला ही कादंबरी सुचली, असे फॉर्स्टर सांगतात. त्यांच्या मातोश्री तेव्हा हॅरोगेट येथे जलोपचार घेत होत्या; तेथे परतताच त्यांनी लेखनास प्रारंभ केला. पण त्या हाताहून अधिक मोलाची वस्तू मिलथॉर्पच्या त्या घरात होती, असे आम्हांस वाटते. ज्या इंग्लंडने १८९५ साली ऑस्कर वाइल्ड यांस अशाच संबंधांबद्दल दोन वर्षांची सक्तमजुरी दिली, त्याच इंग्लंडात हे दोघे पुरुष कित्येक वर्षे एकत्र संसार करीत होते. स्त्री-पुरुषांचे प्रेम एवढाच विषय आपल्याला हाताळता येतो, याचा कंटाळा फॉर्स्टर यांनी १९११ सालच्या रोजनिशीत नमूद केला होता. दुसरा विषय मनात होता. तो सुखाने शेवटास जाऊ शकतो याचा पुरावा मिलथॉर्पला मिळाला.

कथानक साधे आहे. मॉरिस हॉल हा मध्यम बुद्धीचा, सुखवस्तू घरातला तरुण. केंब्रिजमध्ये क्लाइव्ह डरॅम त्याच्यावर प्रेम करतो. परंतु ते प्रेम प्लेटोच्या ग्रंथांतले, शरीरापासून दूर राहणारे. पुढे क्लाइव्ह ग्रीसचा प्रवास करून बदललेला परत येतो आणि लग्न करतो. मॉरिस हा आपला रोग समजून डॉक्टर व संमोहनतज्ज्ञ यांचे उंबरठे झिजवतो. शेवटी क्लाइव्हच्याच इस्टेटीवरील शिकारी रानांचा रखवालदार अलेक स्कडर त्याला भेटतो. अलेक अर्जेंटिनाला निघालेला असतो. पण तो बोटीवर चढत नाही, आणि दोघे समाजाकडे पाठ फिरवून एकत्र राहावयास जातात.

या शेवटावरच आक्षेप आले. हस्तलिखित वाचून लिटन स्ट्रेची यांनी, हे प्रेम फार आठवडे टिकणार नाही, असा अभिप्राय दिला. फॉर्स्टर यांचे उत्तर असे की, सुखाचा शेवट नसता तर आपण ही कादंबरी लिहिलीच नसती. नायकाने गळफास घेतला असता, तर ती कदाचित छापताही आली असती. कारण पापाला शासन झालेले पाहून कायद्याला समाधान वाटले असते. हा युक्तिवाद न्यायाचा आहे, कलेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते येथे दोहोंत भेद करता येत नाही. अशा प्रेमाचा अंत मृत्यूतच झाला पाहिजे, हाही एक ठरीव साचाच होता.

दोष आहे तो अन्यत्र. क्लाइव्ह आपल्याला आतून कळतो, अलेक तितका कळत नाही. त्याचे प्रेम आपण मॉरिसच्या डोळ्यांनी पाहतो. फॉर्स्टर यांनाही हे जाणवले असावे. पुढे १९६० पर्यंत त्यांनी जी भर घातली, ती सर्व अलेकसाठी. मालक आणि चाकर यांचे प्रेम रानात समान होते, हे त्यांचे स्वप्न होते. १९२१ साली देवास थोरली पातीचे तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून ते माळव्यातील त्या मराठी दरबारी सहा महिने राहिले. तेथील गोकुळाष्टमीच्या उत्सवातून 'अ पॅसेज टू इंडिया'चा तिसरा भाग निघाला, आणि तुकारामाचे नाव इंग्रजी कादंबरीत गेले. तेथेच त्यांनी आपले मन महाराजांपाशी उघड केले, व महाराजांनी ते न रागावता ऐकून घेतले. पण त्यानंतर दरबारातील एका न्हाव्याशी जो संबंध आला, त्यात आपल्या वागण्यात क्रौर्य शिरले, हे फॉर्स्टर यांनीच लिहून ठेवले आहे. ते टिपण १९८३ साली छापले गेले. 'मॉरिस'च्या शेवटाची खरी परीक्षा स्ट्रेची यांच्या अभिप्रायात नसून या टिपणात आहे.

१९२४ नंतर फॉर्स्टर यांनी दुसरी कादंबरी प्रसिद्ध केली नाही; ते १९७० पर्यंत जगले. इंग्लंडचा कायदा १९६७ साली बदलला, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. तेव्हाही त्यांनी ही पेटी उघडली नाही. त्याच इंग्रजांनी १८६० साली आपल्या दंडसंहितेत घातलेल्या ३७७ व्या कलमातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले. निर्णयाने शिक्षेचे भय गेले. घरातली भीती न्यायालयाच्या हुकुमाने जात नाही. आपल्या मुलाने मॉरिसप्रमाणे डॉक्टरांचे उंबरठे झिजवू नयेत असे ज्या आईबापांस वाटते, त्यांनी ही कादंबरी, तिच्या उणिवांसह, एकदा अवश्य वाचावी.