‘शिवाजी कोण होता?’ : एका क्रियापदाचा विचार

गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ (१९८८) या पुस्तिकेचे परीक्षण शीर्षकापासूनच आरंभावे लागते. ‘होता’ या एकेरी रूपात कित्येकांस अवज्ञा दिसते. परंतु मराठीच्या प्रकृतीस हा आक्षेप मानवणारा नाही. विठोबास आणि आईस आपण एकेरीनेच संबोधितो. जुन्या इतिहासलेखनातही राजपुरुषांविषयी एकेरी आढळते. पुस्तिका व्याख्यानातून सिद्ध झालेली असल्याने तीत साधनचिकित्सा त्रोटक आहे, हा दोष मान्य करावयास हवा. तथापि रयतेचे हित जपणारा राजा हे शिवाजीचे स्वरूप ती सुबोध भाषेत मांडते. तिचे खरे सामर्थ्य शीर्षकातील प्रश्नचिन्हात आहे. प्रश्नास उत्तर द्यावे, हा वादाचा धर्म होय. तो धर्म सुटला म्हणजे काय होते, हे २०१३ साली पुण्यात दाभोलकरांच्या, २०१५ साली कोल्हापुरात पानसरे यांच्या आणि त्याच वर्षी धारवाडास कलबुर्गींच्या हत्येने दिसले. राज्यघटनेचा १९ वा अनुच्छेद कायम असतानाही स्वातंत्र्याचा संकोच होऊ शकतो. भयापोटी लेखक ‘होता’चे ‘होते’ करतो, आणि पुढे प्रश्नचिन्हही गाळतो, तेव्हा तो संकोच पूर्ण झालेला असतो.